खपली

१० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आईच्या नडगीला पलंगाचा कोपरा लागला, त्याला तीन आठवडे झाले. जखम भरत नाही. रोज सकाळी देवपूजा आटोपली की मी कोमट पाण्याने खपली भिजवून काढतो आणि खालचं लाल मांस दिसेपर्यंत पुसतो. पुस्तक बांधताना जुनी खळ खरवडल्याशिवाय नवी धरत नाही, हे तीस वर्षांत हाताला पक्कं ठाऊक झालंय. आई हूं की चूं करत नाही. उलट माझ्या हाताला गुण आहे असं शेजारणीला सांगते.

शास्त्रीणबाई, तुम्ही कातडीचाच अभ्यास करता. फोनवर कायम घाईत, म्हणून लिहितो. माझं काही चुकतंय का? दोन ओळी टाक.

तुझा दादा

२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जूनमध्येच मिळालं. परिषदेच्या गडबडीत उत्तर राहून गेलं, रागावू नकोस. माझं भाषण गाजलं! रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम नुसतं रक्त थांबवत नाही. कातडीच्या पेशींना वाढायला, जखम बुजवायला हाकही देतं. गोठलेलं रक्त म्हणजे घाण नव्हे, दुरुस्ती तिथूनच सुरू होते. टाळ्या थांबेनात.

तेव्हा खपली काढणं ताबडतोब बंद कर. आई म्हणजे पुस्तक नाही रे! तिला साखरेचा त्रास, डॉक्टरांना दाखव. सुट्टी मिळाली की येतेच.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दवाखान्यात, आईच्या उशाशी वाचलं. सोमवारी तिचा पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टर म्हणाले, साखर होतीच, पण रोज उकरल्यामुळे जखमेला भरायला उसंत मिळाली नाही. उकरणारा मी. डॉक्टरांकडे उशिरा नेणाराही मीच. ते तुझ्यावर ढकलत नाही. पण भरल्या सभागृहाला जे सांगितलंस, ते दोन ओळींत मावलं असतं. मी विचारलं होतं, बाई.

देवासमोर हात जोडले की नजर हातांवरच जाते. हल्ली पूजा तुझी वहिनी करते.

टाक्यांवर आता खपली धरते आहे. मी लांबूनच बघतो. आई मात्र रोज सकाळी विचारते, आज कोमट पाणी आणलं नाहीस का. काय चुकलं ते तिला अजून सांगितलेलं नाही. तुला भाषणाची सवय आहे. येशील तेव्हा तूच सांग.

आशीर्वाद आहेतच. लोभाचं मागाहून बघू.
दादा