पाणकणीस काढल्यानंतर

१२ एप्रिल, शनिवार
काढलं सगळं! सोसायटीमागच्या गावतळ्यातलं पाणकणीस — अर्ध्या दिवसात जेसीबीने साफ. काठावर तपकिरी कणसांचा ढीग, कापूस उडून सगळ्यांच्या गॅलऱ्यांत. आमचा चेअरमन प्रणित खूश. "मॅडम, आता लेक व्ह्यू." अर्जावर सेक्रेटरी म्हणून सही माझी. कारण लिहिलं — डास.

डास होतेच. पण मलाही खिडकीतून पाणी दिसायला हवं होतं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

१३ एप्रिल, रविवार
गेटवर मासे विकणारी, तळ्याकाठच्या गावातली सोनाबाई आज भेटली. काल ती पनवेलला बाजारात होती, नवरा विठू खाडीवर. परत आले तर तळं भुंडं. "इचारायचं तरी व्हतं," एवढंच म्हणाली. कोळंबी नेहमीसारखीच निवडून दिली.

१९ एप्रिल, शनिवार
वास येतोय. प्रणित म्हणतो, गाळ ढवळलाय, बसेल.

गाळ नाही. आमच्या सांडपाण्याच्या प्लँटची मोटर पाच वर्षांपूर्वी जळाली. तेव्हापासून पाइप सरळ तळ्यात. कमिटीतल्या सगळ्यांना माहीत आहे. मलाही. मग पाच वर्षं वास का आला नाही, हे चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई आज विचारतेय! पाणकणसाची मुळं पाण्यातली घाण शोषतात — नववीला आकृतीसकट लिहून घ्यायचे मी. आकृती सुबक नसेल तर अर्धा मार्क कापायचे.

२२ एप्रिल, मंगळवार
तळ्यातले जिताडे मेले. सकाळी पांढरी पोटं वर.

विठूने तीन वर्षांपूर्वी बोटभर पिल्लं सोडली होती — मुलीच्या, किशोरीच्या हळदीसाठी. हळद चार मेला. पाहुण्यांच्या ताटात आपल्या तळ्यातला जिताडा वाढायचा, हा त्यांच्याकडचा मान. सोनाबाई काठावर बसून एकेक मासा पाटीत भरत होती. हातभर लांब मासे. मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

२३ एप्रिल, बुधवार
ग्रुपवर प्रणितचा मेसेज — गावातल्यांनीच विष टाकलं असणार, उद्यापासून गेटवर मासेविक्री बंद. खाली छत्तीस अंगठे. त्यात एक माझा.

बोट आपोआप गेलं, असं लिहिणार होते. आपोआप नाही गेलं.

२५ एप्रिल, शुक्रवार
सोनाबाई रस्त्यापलीकडे, उन्हात बसलेली. सोसायटीतलं कुणी तिकडे फिरकलं नाही. मी भाजीला निघाले होते. तिने हाक मारली नाही, मी मान वळवली नाही. घरी येऊन भेंडी चिरत बसले. जनाची नाही तरी मनाची लाज बाळगा, हे वर्गात किती पोरांना सुनावलं असेल मी. आज आरशात बघवेना.

२६ एप्रिल, शनिवार
ग्रुपवर लिहिलं. मोटर, पाइप, अर्ज, सही — सगळं. शेवटी, "विष आपलंच आहे." दोन मिनिटांत प्रणितचा फोन. "मॅडम, फ्लॅटच्या किमतींचा तरी विचार करायचा!" मी फोन ठेवून दिला.

आता सोनाबाईला तोंडाने सांगायचं उरलंय. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.

२७ एप्रिल, रविवार
सांगितलं. रस्त्यापलीकडे, तिच्या पाटीसमोर बसून.

तिने माशांवरचं फडकं नीट केलं. म्हणाली, "पाइप आमाला ठाव हाय मॅडम. पानी काळं याया लागलं तवाच यांनी नेऱ्याच्या वढ्यातनं गड्डे आनून लावलं व्हतं ते पानकनीस. पानी निवळलं, मंग मासं सोडलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी रोजचं गिऱ्हाईक. तुमाला लाज कशाला आनायची?"