फुलीवर छप्पर

बा, तुमी गेल्याला चाळीस वर्षं झाली आणि पत्र आज सुचलं. मला अजून अक्षर येत न्हाई. मी बोलून राहिले, नात लिहून राहिली. मधेच माझी भाषा सुधारली तर ती करणी तिची.

सकाळी ती रोमन आकडे घेऊन बसली होती, जुन्या घड्याळावर असतात तसले. त्यांच्यात दहा म्हणजे फुली. म्हणलं, ही मला येते, आमचा बा विकायच्या मेंढीच्या पाठीवर गेरूनं हीच काढायचा. पण दहा लाख लिहायचे तर फुल्यांना अंगण पुरायचं न्हाई. ती हसली. "आज्जी, फुली एकच. डोक्यावर आडवी रेघ दिली की किंमत हजारपट. दोन्ही अंगानं उभ्या रेघा पण दिल्या की लाखपट." तिनं काढून दाखवलं. दोन भिंती, वर छप्पर, आत फुली. कोंडलं की किंमत वाढते, हे त्या रोमनवाल्यांना कुणी सांगितलं? तुमी गेला होता काय तिकडं?

कारण मला तर तुमीच सांगितलं. आपल्या हट्टा गावच्या शाळेच्या दारात मी बसले आहे, आतली पोरं पाढे म्हणतात, मीही म्हणते. तुमी येता, हाताला धरून घरी नेता. मारत न्हाई. जवळा बाजार गावाहून हिरवं लुगडं आणता, पदर माझ्या डोक्यावर ओढता आणि म्हणता, "लेकीची किंमत घरात." किती खूश झाले होते मी, बा. त्या घरातून उठले ती सासरच्या घरात बसले. साठ वर्षं छप्पर बघून राहिले. लाखाची झाले असेन, मोजायला कुणी आलं न्हाई.

नात दहावी झाली. हिंगोलीच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली. परवा माझ्या लेकानं विचारलं, आई, तू म्हणशील तसं, पोरीला धाडू का ठेवू? मी तुमचं वाक्य जसंच्या तसं बोलले.

इथं पेन थांबला. तिचा बापच धाडायला नको म्हणाला, असं तिला आजवर वाटत होतं.

"काहून बोलली गं, आज्जी?"

म्हणलं, आधी लिही. बा, मी तुमचं नाव पुढं केलं, पण तुमच्यासाठी बोलले न्हाई. ती गेली की दिवसभर या घरात माझ्याशी बोलायला कुणी उरत न्हाई, त्याचं भ्या वाटलं.

हे तुमाला धाडायचं न्हाई. सांजच्याला तिचा बाप आला की ती त्यालाच वाचून दाखवील. मला तोंडानं सांगायची लाज वाटते.