एका कागदावर दोन नवरे

पाइन हॉलो, जॉर्जिया
११ मार्च १८६४

तीर्थस्वरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा नमस्कार.

आम्ही इथे जिवंत आहोत, तुम्हीही अलाबामात तशाच असाल अशी आशा करते. तुमचा संधिवात कसा आहे? गाय व्यायली का? (माझी आटली.) कागद पाहून घाबरू नका, तो बैठकीच्या भिंतीवरचा आहे. खिडकीशेजारची जी गुलाबाची फुलं तुम्हाला आवडायची, ती मागच्या बाजूला सापडतील. जागा संपली की मी पान आडवं फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुढचं लिहीन, तेव्हा तुम्हीही पान फिरवा. हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते, कारण गेल्या वेळी मी मिठाचं नुसतं नाव काढलं तर तुम्ही चार महिने गप्प बसलात. मिठाची सोय झाली. मांस धुरवायच्या खोलीतली, खारवलेल्या मांसाचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेली जमीन खणली, माती उकळली आणि तळाशी जे उरलं त्याला आम्ही मीठ म्हणतो.

तर झालं असं, की मंगळवारी व्हर्जिनियाहून रजेवर आलेल्या एका शिपायाने टोपीत घालून तुमच्या बंधूंचं पत्र आणलं. पाच महिन्यांनी आलेलं पत्र, मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. पाकिटावर नावं दोन: माझं आणि शेजारच्या केझाया लम्पकिनचं. तिच्या हायरमला लिहिता येत नाही, तो सांगतो आणि तुमचे बंधू लिहून देतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण या वेळी कागद एकच मिळाला असावा. तुमच्या बंधूंनी एक पत्र उभं लिहिलं आणि पान फिरवून दुसरं त्याच्यावरूनच आडवं लिहिलं. दोन्हींची सुरुवात ‘प्रिय पत्नीस’, दोन्हींचा शेवट ‘तुझा नवरा’. नाव कुठेच नाही. (जिचं तिला कळेलच, शाई कशाला घालवा, असा हिशेब त्यांनी केला असणार. राग मानू नका वन्सं, पण ही काटकसर तुमच्या माहेरची आहे.)

उभ्या पत्रात लिहिलंय की डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला, जखम भरत आली आहे, सैन्यातून सुटका झाली, महिन्याभरात घरी पोचतो. आडव्या पत्रात लिहिलंय की प्रकृती उत्तम, दोन्ही पाय शाबूत, लढाई संपेपर्यंत पुन्हा नाव घातलं आहे, इतक्यात वाट पाहू नकोस. दोन्हींत गायीची चौकशी, दोन्हींत मुलीला आशीर्वाद. आता आम्हा दोघींना एकेक गाय आणि एकेक मुलगी आहे, याला कोण काय करणार? हायरमने आपल्या तोंडाने काय सांगितलं असेल ते असो, शब्द सगळे तुमच्या बंधूंचेच.

पहिल्या दिवशी आम्ही तो पाय एकमेकींच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. केझायाचं म्हणणं, माणूस आधी आपलं पत्र लिहितो आणि मग दुसऱ्याचं, म्हणून उभं पत्र माझं आणि पाय तुमच्या बंधूंचा. मी म्हटलं, आमच्याकडे पाहुण्याला आधी वाढतात, म्हणून उभं पत्र हायरमचं. त्यावर ती म्हणाली की आमच्याकडे पाहुण्याला वाढलेलं तिने अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. मग मी तिच्या कोंबड्यांचा विषय काढला. मग तिने माझ्या भेंडीच्या बियांच्या कॉफीला नावं ठेवली, तीही दोन पेले पिऊन झाल्यावर.

तेवढ्यात कर्नलच्या मळ्यावरची जूनो सूत न्यायला आली. (वीस माणसं गुलाम करून ठेवली की कायद्यानेच घरी बसता येतं, त्यामुळे कर्नलचे दोन्ही पाय जागच्या जागी आहेत.) जूनोच्या नवऱ्याला त्याने सात वर्षांपूर्वी टेक्सासात विकलं. तिला उभं किंवा आडवं, कसलंच पत्र येत नाही. दारात उभी राहून तिने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तो पाय माझ्या माणसाचा असता तर मी भांडले नसते, बाई. पाय तिकडे टाकून तो घरी तरी आला असता.”

सूत उचलून ती निघून गेली. मला फार लाज वाटली. कशाकशाची ते अजून नीट उमगलेलं नाही. आमचे नवरे कशासाठी लढताहेत हे मनाशी म्हणायला जावं तर डोळ्यासमोर जूनोच येते, म्हणून मी ते म्हणायचंच सोडलंय.

(इथून पान आडवं करा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी केझाया आली ती हसतमुखाने. तिला आता पटलं होतं की माझंच खरं, पाहुण्याला आधी वाढतात, उभं पत्र हायरमचंच. मी म्हटलं, छे गं, माणूस आधी आपलंच पत्र लिहितो, तूच नाही का म्हणालीस. अशा आम्ही दोघी कालचं एकमेकींचं म्हणणं एकमेकींनाच ओरडून सांगत होतो. ती म्हणाली, हायरमचा डावा पाय पहिल्यापासून नाजूक. मी म्हटलं, आमच्या ह्यांचा तर लग्नातसुद्धा दुखत होता. (दुखत होता का हो? आठवत नसलं तरी कृपा करून हो म्हणा.)

डोकं अगदी भंजाळून गेलंय. प्रार्थनेला बसलं तर मागायचं काय तेच कळत नाही. नवऱ्याचा पाय जाऊ दे असं कोणती बायको म्हणेल? मी म्हणते, वन्सं. मग घाईघाईने माफी मागते आणि मग पुन्हा म्हणते.

मुलीचा तुम्हाला नमस्कार. तिकडे जाणारं कोणी भेटलं की पत्र त्याच्या हवाली करीन.

तुमची भावजय,
पर्मेलिया प्रुइट

ता. क. तुमच्या यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांचे बूट तुम्ही अजून पेटीत जपून ठेवलेत असं ऐकते. इथे चामडं औषधालाही मिळत नाही. उजवा तेवढा पाठवा. डाव्याची गरज पडणार नाही.

दुसरा ता. क., २ एप्रिल. न्यायला कोणी न मिळाल्याने पत्र इथेच पडून राहिलं. काल फाट्यावर गाडीतून कुबड्यांवरचा एक माणूस उतरला. आम्ही दोघीही धावलो, मी पुढे होते. अर्ध्या वाटेत मला तांबडी दाढी दिसली आणि मी उभी राहिले. केझाया मला ओलांडून पुढे गेली. हायरमने सांगितलं की तुमचे बंधू ठणठणीत आहेत, दोन्ही पाय भक्कम आहेत. सगळी आळी येऊन माझं अभिनंदन करून गेली. मी कालपासून रडते आहे.

तिसरा ता. क. बूट दोन्ही पाठवा. उजवा हायरमला देईन. डावा मी जपून ठेवते. तुमच्या बंधूंचा उजवा पाय अजून लढाईवर आहे.