गोठ्याच्या दाराला काही झालं नव्हतं

रामनगर,
रविवार

प्रिय आत्या,

शाळेत आम्हाला मोठ्या माणसांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. पण सासूला तीर्थरूप लिहिलं की हात अवघडतो आणि मनातलं काही कागदावर उतरत नाही. म्हणून प्रियच लिहिते, रागावू नका. फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. आपल्या घरी रेंज मिळते ती फणसाखाली, आणि तिथं तुम्ही फोन कानाला लावलात की निम्मा कुंभारवाडा गोळा होतो. मला आज फक्त तुमच्याशी बोलायचंय. शेजारच्या बायजाक्का उद्या इथं बाजाराला येणार आहेत. त्यांच्या हाती हे देते, त्या तुम्हाला एकटीला गाठून देतील.

आधी चांगली बातमी. परवा बेळगावात बाबांचा स्कॅन झाला. घशातली गाठ गेली, आत्या. डॉक्टर म्हणाले, आता आजाराची खूण दिसत नाही, अधूनमधून येऊन दाखवत राहा. बाबांनी त्यांच्यासमोर नुसती मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "च्या पिऊया का?" इतक्या महिन्यांत स्वतःहून त्यांनी काही मागितलं ते पहिल्यांदाच. समोरच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. गिळायला अजून वेळ लागतो, पण कप पूर्ण संपवला त्यांनी. मी तिथंच उभी राहून रडले, आणि रडताना तुम्हीच डोळ्यांपुढं आलात.

कारण निघताना तुम्ही म्हणाला होतात, "रडायचं ते हितं रडून घे गो. तिथं त्यांच्यापुढं न्हाई." बाबांना कॅन्सर असल्याचं कळलं त्या दिवशी मी चुलीपुढं सुन्न बसून राहिले होते. आई गेलेली, भाऊ नाही. बेळगावला त्यांच्याजवळ राहायला माझ्याशिवाय कोण होतं? पण इकडं भाताची कापणी तोंडावर आलेली, गाय गाभण, केशर जेमतेम अंगणवाडीत जायला लागलेली. मी विचारायच्या आधीच तुम्ही माझी पिशवी भरायला घेतलीत. सून इतके दिवस माहेरी जाते म्हणून या घरात कुणी तोंड वाकडं करायचं नाही, असं तुमच्या लेकाला, प्रवीणना बजावलंत. ते बिचारे काही बोललेही नव्हते. त्या दुपारी तुमच्याजवळ बसून मी पोटभर रडले. नंतर परवापर्यंत बाबांसमोर खरंच रडले नाही. लोक म्हणतात, वैष्णवी धीराची. तो धीर कुठून आला ते मला ठाऊक आहे.

उपचाराचे सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग घशाला किरणांचा शेक देऊन देऊन तोंड सोलून निघालं. पाण्याचा घोट घेतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आवाज तर पार बसला. जन्मभर सुतारकाम केलेला, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत रंधा ओढणारा माणूस, भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला. मी म्हणायची, बाबा, धीर धरा, सगळं चांगलं होईल. माझ्याच कानांना ते पोकळ वाटायचं. एकदा त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि खुणेनंच सांगितलं, पुरे झालं, घरी चल.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. तब्येतीचं तुम्ही विचारलंच नाहीत. म्हणालात, व्याह्यांना विचार, गोठ्याचं दार खाली घासतंय, बिजागरी बदलू की फळी तासून घेऊ? खरं सांगते, मला राग आला. माणूस कुठल्या अवस्थेत आहे आणि यांचं काय चाललंय! पण बाबा वळले. उठून बसले. दार उचलून आधी खाली पाचर कशी द्यायची ते हातांनी दाखवायला लागले, आणि मी ते फोनवर सांगत गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत फोन केलात, दार बसलं, पण आता कडी लागत नाही. मग कधी खिळा, कधी चौकट, कधी उंबरा. शेक घेऊन आले की बाबा फोनकडं बघत बसायचे. घरी चल, असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. आणि तुम्ही पाठवलेल्या उकड्या तांदळाची पेज, मीठ न घालता, गाळून, चमच्यानं पाजलेली, तेवढीच काय ती त्यांच्या घशाखाली उतरायची. त्या पेजेवर माझा बाप जगला, आत्या. हे मी कुणाजवळही सांगेन.

संक्रांतीला दोन दिवस घरी आले तेव्हा मी मुद्दाम गोठ्यात जाऊन बघितलं. बिजागरी जुनीच, फळीला रंधा लागलेला नाही. प्रवीण हसायला लागले. म्हणाले, दाराला काही झालंच नव्हतं, आई रोज नवी मोडतोड शोधून फोन करायची. परवा चहा पिताना मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते मला कवाच कळलं व्हतं. एका दारात एवढं मोडायला हाय काय? पर त्या इचारत व्हत्या, म्हणून मी सांगत व्हतो."

त्या दोन दिवसांत मला आणखीही काही दिसलं. तुम्ही घागर डाव्या हातानं उचलत होतात. केशर अंगावर चढायला आली की तिला हलकेच बाजूला करत होतात. मी विचारलं, तर कापणीनं खांदा धरलाय म्हणालात, आणि मी मानलं. मागच्या बाजाराला बायजाक्का भेटल्या. त्यांच्यावर चिडू नका. कापणीपासून तुमच्या छातीत गाठ आहे, हे त्यांनी मला सांगितलं. तुम्ही त्यांना शपथ घातली होतीत, व्याह्यांचं होऊ दे, मग बघू, एका पोरीनं दोघांना कसं सांभाळायचं. ती गाठ साधीही असेल. नसली तरी त्या रस्त्यानं मी एकदा जाऊन आले आहे. व्याह्यांचं झालं, आत्या. शुक्रवारी बेळगावच्या डॉक्टरांनी आपल्याला बोलावलंय. गुरुवारी मी घरी येते, आणि माझ्याबरोबर बाबा येतायत. लग्नानंतर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न घेतलेला हा माणूस म्हणतो, मी कुंभारवाड्यात राहतो, केशरला बघतो, गायीचं वैरणपाणी करतो, तुम्ही दोघी किती दिवस लागतील तितके लावा. त्यांनी कपड्यांची पिशवीही भरून ठेवलीय. बाकी सगळं ठरलंय, तुम्ही फक्त माझ्याबरोबर गाडीत बसायचं.

तुमचीच,
वैष्णवी