दादानं जिचं विचारलं नाही

प्रकाशा, सोमवार, ७ डिसेंबर १९३६

आज घरी पोचलो. चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला दादा लडाखातल्या तिसऱ्या मठात सापडला होता. डोकं मुंडलेलं, अंगावर तांबडी वस्त्रं. त्यानं लाकडी वाटीत खारट, लोण्याचा चहा दिला. आईची तब्येत विचारली, तापीच्या पुराचं विचारलं, म्हाताऱ्या बैलाचंसुद्धा. बायकोचं मात्र एका शब्दानं नाही. वाट पाहत बसलो, चहा गार झाला. बैल आठवला आणि ती नाही? निघताना म्हणाला, "मी भेटना नहीं, असं सांगजो."

घरी तेच सांगितलं, दादा सापडलाच नाही. आई रडली. वहिनी मग चुलीपाशी मला एकट्याला गाठून म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. त्या जित्ता शेतस ना?"

दादा जिवंत आहे, अशी मी मान हलवली.

"मन्हं नाव काढं का त्यासनी?"

चार वर्षं रोज कुंकू लावून या बाईनं वाट पाहिली. काय सांगणार होतो?

"काढं," म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मंग उन्हायामा माले तठे लई चाला."

उन्हाळ्यात त्यांना तिथे घेऊन जायचं, मी तेही कबूल केलं.