ताठ पाठीची भरती

३ जानेवारी १९९६
संकल्प: यंदा मिलिटरी. आजोबा फौजेत, आप्पा रिटायर्ड हवालदार, मग मी काय रहिमतपुरात पिठाची गिरणी चालवू? उद्यापासून पहाटे रनिंग.

४ जानेवारी
जाग वेळेवर आली. पाठीने परवानगी दिली नाही. बराच वेळ पलंगाची कड धरून बसलो. शेजारचा हरिबा हाका मारून एकटाच पळायला गेला. त्यालाही भरती व्हायचंय. उतावळा. खरा जवान ताकद राखून ठेवतो.

११ जानेवारी
शोध: चाललं-फिरलं की पाठ मोकळी होते, पडून राहिलं की आखडते. याचा अर्थ मी अजून पुरेसा पडून राहिलेलो नाही. विश्रांती वाढवली.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला सगळ्यांत ताठ मीच. आप्पा चारचौघांत म्हणाले, पोरगं जल्मापासनं सावधानमधीच हाय. हरिबा म्हणाला, विश्राम म्हटल्यावरही हा तसाच उभा होता. जळतो लेकाचा.

४ फेब्रुवारी
आत्याच्या पाया पडायला वाकलो, हात गुडघ्यापर्यंतच गेले. आत्या म्हणाली, लय मिजास आली. आई म्हणते डॉक्टरला दाखव. भरतीच्या तोंडावर डॉक्टर? उगाच कागदावर काहीतरी यायचं. बाम चोळून घेतला.

१९ फेब्रुवारी, सांगली
रनिंग पास! (शेवटून दुसरा. पण पास.)
मग छातीचं माप. साहेब म्हणाले, फुगव. फुगवली. ते म्हणाले, अरे, फुगव ना. म्हटलं, सर, फुगवलीच आहे. टेप जागची हलेना. परत मापलं, तेच. टेप जुनी असावी. साहेबांनी सोबत आलेल्या आप्पांना बाजूला घेऊन मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.
हरिबा पास. मला आनंद झालाय. म्हणजे झालाच पाहिजे.

२७ फेब्रुवारी, मिरजेहून परत
एक्सरे झाला, रक्त झालं. मणक्याचा संधिवात. रक्तातल्या ज्या पेशींनी जंतूंशी लढायचं, त्या माझ्याच मणक्यांना शत्रू समजून तुटून पडल्यात. हाड आतून भुसभुशीत होतंय आणि बाहेरून मणके एकमेकांना चिकटायला बघतायत. बरगड्यांचे सांधेही आखडलेत, म्हणून छाती फुगत नाही. विचारलं, भरतीत काही सवलत? डॉक्टर गोळ्या लिहीत राहिले.
एस.टी.त आप्पा खिडकीबाहेर बघत होते. आजवर इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. रहिमतपूरला उतरल्यावर त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "फौज तुझ्या अंगात बी हाय की रं. फकस्त तिला शिस्त न्हाई."

२८ फेब्रुवारी, पहाटे
डॉक्टरांचा हुकूम: गोळ्या आणि रोज सकाळी व्यायाम. जन्मभर. पडून राहायचं नाही. आप्पांनी ट्रंकेतून जुनी शिट्टी काढून घासून ठेवली आहे. हरिबाला निदान पुढे पेन्शन आहे. माझी कवायत बिनपगारी, आणि रिटायरमेंट नाही.
पाठ फारच आखडली आहे. तरी पक्का निश्चय, उद्यापासून
शिट्टी वाजली. आप्पा दारात उभे आहेत. म्हणतात, उद्या न्हाई, आत्ता.