चांगल्या गालाचं इंजेक्शन

४ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कामाच्या, लायब्ररीच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनच केला असता, पण आई समोर बसून तुझ्या ओठांवरून सगळं वाचते. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढलेली बाई ती! तिथल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी भांडायच्या म्हणे. कान गेले तरी तिचं कुठे काही अडलं? म्हणून गुपित कागदावर.

तर ऐक. मी चेहऱ्याला इंजेक्शन घ्यायचं म्हणतेय. डावी बाजू लुळी पडली त्याला दोन वर्षं होत आली. सुधारायची तेवढी सुधारली, आता पुढे नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. पडलेला गाल वर उचलता येत नाही, पण उजव्या, चांगल्या गालात सुई टोचून तो जरा ढिला करता येतो. मग दोन्ही बाजू सारख्या दिसतात. तीन-चार महिने टिकतं, पुढे पुन्हा घ्यायचं.

तू म्हणशील, कशाला ही नसती उठाठेव! अगं, माझं काम चष्म्याच्या दुकानातलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, काडी गरम करून कानामागे वाकवायची, मग पुढ्यात आरसा धरायचा. कुणाचेच दोन्ही कान एका रेषेत नसतात, हे मीच लोकांना सांगत असते. पण त्याच आरशात त्यांच्या खांद्यामागे मी दिसते. हसले की उजवं तोंड कानापर्यंत जातं आणि डावं जागचं हलत नाही. परवा एका बाईंनी मला अगदी सावकाश, मोठ्यानं, बाळाला विचारावं तसं विचारलं, की दुकानात दुसरं कुणी आहे का. मी हसणंच सोडलंय गं, ताई. कंटाळा आला.

आईला कळू देऊ नकोस. आहे ते काय वाईट आहे, असं म्हणेल आणि मी पुन्हा डळमळेन.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी छबू


११ फेब्रुवारी

चि. छबूस, अ. उ. आ.

पत्र कपाटांच्या मागे उभी राहून चोरासारखं वाचलं. लहानपणी दाताच्या डॉक्टरांचं बोट कडकडून चावलं होतंस, आणि आता आपण होऊन सुई टोचून घेणार! धन्य आहे बाई तुझी.

मला विचारशील तर नको. चांगल्या गालाला कशाला हात लावायचा, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. पण तोंड तुझं आणि आरसाही तुझ्याच समोर. तू हसणं सोडलंस हे मला ठाऊक नव्हतं. घे बापडी. आईला मी सांगत नाही. तिच्यासमोर गप्प बसणं मला जमत नाही, पण बसेन.

रविवारी फोनवर तोंड दाखवायला मात्र चुकू नकोस. आठवडाभर ती तेवढ्याचीच वाट बघते. सकाळीच फोनची काच पदरानं पुसून ठेवते.

इकडची काळजी करू नकोस, तिकडची मी करतेच आहे.

तुझी ताई


२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

झालं! आधी काही दिवस फरक दिसेना. म्हटलं, पैसे पाण्यात गेले. मग एका सकाळी दात घासताना वर बघितलं तर दोन्ही गाल सारखे. मी तिथेच रडले, सांगायला लाज कसली? दुकानात एक आजोबा नवा चष्मा घालून माझ्याकडे बघून हसले आणि मीही हसले. बारीकसंच, पण दोन्हीकडून सारखं. फोटो सोबत ठेवलाय, बघून फाडून टाक.

थोड्या कुरबुरी आहेत. पाणी पिताना ओघळतं, फुंकर धड मारता येत नाही. बोलताना ओठ फारसे उघडत नाहीत, पण दुकानात सगळ्यांना ऐकू जातं.

आई मात्र रविवारी गप्प गप्प वाटली. गुडघा दुखतो का विचारलं, तर हो, जेवले म्हणाली. मग नुसती मान हलवत राहिली. दमली असेल का गं? लक्ष दे तिच्याकडे.

आहे तशी आठवण असू दे.

तुझी छबू


१९ मार्च

चि. छबूस, अ. उ. आ.

कसं लिहू कळत नाही. आईनं बोलणं सोडलंय. दूधवाला आला तर आत निघून जाते. मी बोलायला लागले की भिंतीकडे बघते. काल माझ्याकडे पाटी मागितली. म्हणाली, आता जे काय असेल ते लिहून दाखवत जा, माझं ओठ वाचणं गेलं, छबूचे ओठ नुसते हलतात, त्यातून काही येत नाही, आज ती गेली, उद्या तूही जाशील. आपलं डोकं कामातून चाललंय असं तिनं ठरवूनच टाकलंय. गेल्या रविवारी तुझा फोन घेतला नाही तो झोपली होती म्हणून नव्हे. मी खोटं सांगितलं.

पाटी घेऊन आले तेव्हा वाटेत माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, तुझी डावी बाजू तर हलतच नव्हती. ती इतके दिवस तुझी उजवीच वाचत होती. तिच्या वाचायच्या जागीच सुई टोचली गेली आणि आपल्या दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. घरी येऊन सगळं सांगून टाकलं. पाटीवर लिहिलं, तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. तिनं दोनदा वाचलं, पुसलं, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

वचन मोडलं. मला काय बोलायचं ते बोल.

तुझी ताई


२३ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं डोकं ठिकाणावर आहे गं, माझंच तोंड बंद पडलंय. तुझ्यापासून लपवलं आणि वर तूच दमली असशील म्हणाले. चेहरा सारखा झाल्याचा आनंद झाला होता, तोही खोटा नव्हता. पण तू भिंतीकडे बघतेस हे वाचल्यापासून मला आरशात बघवत नाही. औषध हळूहळू उतरेल. पुन्हा घेणार नाही, शब्द देते.

पदराआड घे.

तुझी छबू


२९ मार्च

चि. छबूस, अ. उ. आ.

पाटी वाचून आधी तुम्हा दोघींचा राग आला. मग हायसं वाटलं. महिनाभर मी भीतीनं अर्धी झाले होते. रात्रंदिवस एकच, की आता मुलींची तोंडं बघायची आणि काही कळायचं नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझं तोंड वाकडं झालं तेव्हाही मला तुझं अवाक्षर कळेना. तू आधीच रडून बेजार, त्यात आणखी हे कशाला, म्हणून गप्प राहिले. दार लावून आरशापुढे बसायचे. डावा गाल तळहातानं घट्ट दाबून धरायचा आणि तुझ्यासारखं बोलून बघायचं. पाणी. बस. भूक लागली. झोप आली. रोज. तेव्हा कुठे तू पुन्हा कळायला लागलीस. तुला वाटलं, आईला काय, येतंच.

आता परत बसतेय. या खेपेला दोन्ही गाल धरावे लागतात. परवा ताईनं दार उघडलं आणि मला तसं बघितलं. आधी हसली, मग दारातच खाली बसून रडली. पाणी सापडलं आहे. भूक अजून सापडत नाही.

आणि शब्द कसले देतेस? तो परत घे. माझ्यासाठी तोंड वाकडं ठेवायचं नाही. त्या आजोबांकडे बघून हसलीस हे ताईनं वाचून दाखवलं, म्हणजे पाटीवर उतरवून दिलं. ती पाटी मी अजून पुसलेली नाही. दोन वर्षांत तू हसल्याचं हे पहिलंच कानावर आलं. गाल तुझा आहे. हवं तर पुन्हा घे, हवं तेवढ्यांदा घे.

रविवारी फोन कर. काच पुसून ठेवली आहे. मी फोन भिंतीला टेकवून ठेवीन, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. चुकले तर पुन्हा म्हण, दहादा म्हण, मला कुठे जायचंय?

लोभ आहे तो आहेच, त्याला मागणी कशाला. फक्त पुढच्या खेपेला सुई टोचून घ्यायच्या आधी कळव. मला शिकायला वेळ लागतो.

तुझी आई